मजकूर स्वतःला वाचत नाही

१

मराठी साहित्यव्यवहारात गेल्या काही वर्षांत एक वाक्प्रयोग अतिशय स्वस्त झाला आहे : 'हे आमच्या डीएनएमध्येच आहे.' कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत कवीची प्रतिमासृष्टी त्याच्या डीएनएमध्ये असते, संमेलनाच्या मांडवात सहिष्णुता मराठी माणसाच्या डीएनएमध्ये असते आणि परीक्षणात एखाद्या लेखकाची बंडखोरी 'जनुकीय' ठरते. बोलणाऱ्याला वाटते की आपण विज्ञानाच्या भाषेत बोललो. प्रत्यक्षात त्याने 'खाण तशी माती' ही जुनी म्हण प्रयोगशाळेचा पांढरा डगला चढवून पुन्हा उभी केलेली असते. पूर्वी याच जागी 'रक्तात', 'बीजात', 'कुळात' हे शब्द येत. शब्द बदलला, वाक्याची घडण तीच राहिली : माणूस काय होणार हे तो जन्मण्यापूर्वीच कुठेतरी लिहून ठेवलेले आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की हा प्रयोग नुसता सैल नाही, तो चुकीचा आहे आणि घातकही आहे. चुकीचा अशासाठी, की पेशीमध्ये जनुकाचे वाचन कसे सुरू होते याविषयी गेल्या सहा दशकांत जे कळले ते या वाक्याच्या नेमके विरुद्ध जाते. घातक अशासाठी, की ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचे शास्त्र शतकानुशतके चालवले, त्या समाजाच्या हाती नियतीची नवी पोथी देणे हा निरुपद्रवी अलंकार असू शकत नाही. आणि या वाक्याचा समाचार घेण्याची जबाबदारी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांइतकीच साहित्याच्या विद्यार्थ्यांवर येते, कारण या प्रकरणातले जवळजवळ सगळे कळीचे शब्द आपल्याच घरातून उसने गेलेले आहेत.

२

ही उसनवारी आधी तपासली पाहिजे. १९४४ साली श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने सजीवांच्या आनुवंशिकतेचे वर्णन सांकेतिक लिपी या रूपकाने केले. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना मांडली, आणि पुढच्या दहा वर्षांत लिपीचे ते रूपक इतके वाढले की आज त्याच्याविना हे शास्त्र बोलताच येत नाही. डीएनएला 'अक्षरे' आहेत, जनुकांचे 'वाचन' होते, चुका झाल्या तर 'मुद्रितशोधन' होते, जनुकांचे 'ग्रंथालय' करून ठेवता येते, आणि अलीकडे त्यांचे 'संपादन'ही होते. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्यार्थी 'प्रतिलेखन' आणि 'भाषांतरण' हे दोन शब्द शिकतो. डीएनएवरून आरएनए तयार होणे म्हणजे प्रतिलेखन, आणि त्या आरएनएवरून प्रथिन तयार होणे म्हणजे भाषांतरण. यावर कळस म्हणजे, जनुक कामाला लागणे याला मराठीत 'जनुकाची अभिव्यक्ती' म्हणतात. ज्या शब्दावर आपण साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत दहा गुणांची टीप लिहितो, तोच हा शब्द!

शब्द उसने गेले याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की ते परत आले तेव्हा आपण ओळखले नाहीत. 'प्रतिलेखन' हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे मान खाली घालून नक्कल उतरवणारा कारकून येतो. त्याला काय उतरवायचे हे आधीच ठरलेले असते, तो फक्त बोरू चालवतो. या चित्रात सगळा अधिकार मूळ प्रतीकडे जातो, आणि खरा प्रश्न दृष्टीआड होतो. तो प्रश्न असा : इतक्या प्रचंड दप्तरातले नेमके हेच पान, नेमके आत्ता, कोणी आणि का उघडले?

३

प्रचंड म्हणजे किती? माणसाच्या प्रत्येक पेशीत आईकडून आलेली सुमारे ३०० कोटी अक्षरे आणि वडिलांकडून आलेली तितकीच. प्रथिने सांगणारी जनुके सुमारे २०,०००, आणि त्यांच्या प्रथिनसंकेताने व्यापलेला भाग एकूण अक्षरांच्या २ टक्क्यांहून कमी. हा सगळा धागा सरळ केला तर दोन मीटरच्या आसपास भरेल, तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान अशा केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर, दर रिळाला सुमारे १४७ अक्षरे, असे वेढे पडलेले असतात. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की यकृताच्या पेशीत, डोळ्याच्या पडद्यात आणि मेंदूत हे दप्तर जवळपास एकच आहे. मग यकृत हे यकृत का आणि डोळा हा डोळा का? कारण प्रत्येक ठिकाणी वेगळी पाने उघडली जातात.

मराठी वाचकाला याची कल्पना यायला परक्या उपमेची गरज नाही. पुण्याचे पेशवे दप्तर आठवावे. हजारो रुमाल, प्रत्येकात गच्च बांधलेले मोडी कागद. ते कागद होते म्हणून इतिहास आपोआप लिहिला गेला नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तेव्हा कोणीतरी गाठी सोडल्या, कोणीतरी मोडीची बाळबोध केली, आणि असंख्य कागद पुन्हा बांधून ठेवले गेले. केंद्रकात काय घडते ते या दप्तरखान्याच्या फार जवळचे आहे.

जीवाणूच्या पेशीतले वाचन त्या मानाने सोपे. १९६१ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी दाखवले की तिथे एक रोधक प्रथिन जनुकाच्या तोंडाशी बसलेले असते, ते उठले की वाचन सुरू. सस्तन प्राण्यांच्या पेशीत मात्र नुसते दार मोकळे असून भागत नाही. रुमाल बांधलेलाच असतो, आणि गप्प राहणे ही जनुकाची नेहमीची स्थिती असते. बोलायला लावायचे तर मोठी जुळवाजुळव करावी लागते.

ती अशी. प्रथिनांची जनुके वाचणारे यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज-२. रॉबर्ट रोडर आणि विल्यम रटर यांनी १९६९ मध्ये अशी यंत्रे एकाहून अधिक असल्याचे दाखवले. बारा घटकांचे हे यंत्र अफाट गुंतागुंतीचे आहे, पण एका बाबतीत पूर्ण निरक्षर आहे : जनुक कुठे सुरू होते हे त्याला स्वतःला ओळखता येत नाही. त्यासाठी आरंभस्थळापाशी, म्हणजे प्रवर्तकापाशी, इतर प्रथिनांना आधी जमावे लागते. काही जनुकांच्या आधी सुमारे ३० अक्षरांवर टी-ए-टी-ए अशी खूण असते. तिला शास्त्रज्ञ 'टाटा पेटी' म्हणतात, आणि जमशेदपूरशी तिचा काही संबंध नाही. टीएफ-टू-डी या प्रथिनसमूहातला एक घटक ती खूण पकडतो आणि डीएनएला तिथे जवळपास काटकोनात वाकवतो. मग टीएफ-टू-बी येतो, पॉलिमरेज येते, आणखी साथीदार येतात आणि शेवटी टीएफ-टू-एच दुहेरी धागा उसवून त्याच्या दोन बाजू वेगळ्या करतो. तेव्हा कुठे पहिले अक्षर उतरते.

पाठ्यपुस्तकात ही खूण इतकी ठळक छापतात की तीच आरंभाची आज्ञा आहे असे वाटावे. सस्तन प्राण्यांच्या बहुसंख्य प्रवर्तकांत ती खूण नाहीच. तिथे सी आणि जी या अक्षरांनी गजबजलेला एक पट्टा असतो, आणि वाचनाची सुरुवात एकाच ठरलेल्या अक्षरावर न होता आसपासच्या अनेक अक्षरांवरून होऊ शकते. म्हणजे ज्याला आपण 'मजकुराचा आरंभ' समजतो तोही काटेकोर बिंदू नसतो.

प्रवर्तकापाशी जमलेली ही मंडळीदेखील एकट्याने फारसे काही करू शकत नाहीत. १९८१ मध्ये झुरिकच्या वाल्टर शाफनर यांच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण गोष्ट आढळली. एका विषाणूतला डीएनएचा छोटा तुकडा जनुकाच्या पुढे, मागे, उलटा, सुलटा, हजारो अक्षरे दूर कुठेही ठेवला तरी त्या जनुकाचे वाचन कित्येक पटींनी वाढे. अशा तुकड्यांना वर्धक म्हणतात. हात-पाय घडताना लागणाऱ्या एका जनुकाचा वर्धक त्याच्यापासून सुमारे दहा लाख अक्षरे दूर आहे, तोही भलत्याच एका जनुकाच्या पोटात. त्या वर्धकात एक अक्षर बदलले तर माणसाला जादा बोट येऊ शकते. मूळ जनुकात मात्र एका काना-मात्रेचाही फरक झालेला नसतो! दूरचा हा तुकडा जवळ येतो तो धाग्याचे वेढे वळून, आणि दोहोंमध्ये मध्यस्थी करायला प्रथिनांचा आणखी एक मोठा समूह लागतो. धाग्याची ही मांडणी राखणारी प्रथिनेही वेगळी असतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांनी रोगप्रतिकारक टी-पेशींमधल्या सॅटबी-१ या अशाच एका प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. त्यांना २०१० चे भटनागर पारितोषिक मिळाले. मराठी साहित्याच्या किती विभागांत हे नाव कोणी उच्चारले असेल?

आणखी एक तपशील, जो मला सगळ्यांत बोलका वाटतो. वाचन सुरू झाले म्हणजे ते पुढे जातेच असे नाही. असंख्य जनुकांवर पॉलिमरेज पहिली २० ते ६० अक्षरे उतरवते आणि थबकते. पुढची सूचना येईपर्यंत ते तिथेच तयारीत उभे असते. फळमाशीमध्ये हे १९८० च्या दशकात लक्षात आले. २००७ च्या सुमारास कळले की मानवी पेशीतही हा अपवाद नसून सर्रास चालणारा प्रकार आहे. आरंभ आणि उच्चार यांच्यामध्ये असे एक थांबणे आहे, आणि पुष्कळसे निर्णय त्या थांबण्यातच होतात.

४

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वाचणारी ही सगळी प्रथिने तरी कुठून आली? तीही जनुकांवरूनच तयार झाली ना? मग वाचकही त्याच पोथीतून निघाला, आणि फिरून सत्ता पोथीचीच.

या आक्षेपाचे उत्तर गर्भाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आहे. शुक्रपेशी आणि अंडपेशी यांचा संयोग झाल्यावर त्या नव्या जीवाची स्वतःची जनुके लगेच बोलू लागत नाहीत. उंदरात ती मुख्यतः दोन पेशींच्या अवस्थेत जागी होतात, माणसात चार ते आठ पेशींच्या अवस्थेत. तोवर सगळा कारभार आईच्या अंडपेशीत आधीपासून साठवलेल्या आरएनए आणि प्रथिनांवर चालतो, आणि नव्या दप्तराचा पहिला रुमाल सोडतात तीही आईने घडवलेली प्रथिनेच. म्हणजे वारशात निव्वळ मजकूर कधीच येत नाही. मजकूर आणि तो वाचू शकणारी एक चालती पेशी, असा जोडवारसा येतो. मागे कितीही पिढ्या जा, केवळ अक्षरांपासून सुरू झालेला एकही जीव सापडणार नाही. बीज एकटे काही करत नाही हे कोकणातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तो आधी राब भाजतो, मग पेरतो, मग पावसाची वाट पाहतो.

आणि ही परिस्थिती म्हणजे काही धूसर कल्पना नव्हे, ती रेणूंच्या भाषेत दाखवता येते. मी हे बिरवाडीत बसून लिहितो आहे. एका बाजूला काळ नदी, दुसऱ्या बाजूला महाडची औद्योगिक वसाहत. इथल्या वाड्यांवर अजूनही लाकडाची चूल पेटते. जळत्या लाकडाच्या धुरात बेन्झोपायरीन नावाचा पदार्थ असतो. तो चुलीपुढे बसलेल्या बाईच्या फुप्फुसाच्या पेशीत शिरतो, तिथे एका ग्राहक प्रथिनाला चिकटतो, ते प्रथिन केंद्रकात जाते, जोडीदाराबरोबर डीएनएवरच्या ठरावीक खुणेवर बसते आणि एका विशिष्ट जनुकाचे प्रतिलेखन सुरू होते. त्यातून तयार होणारे विकर हा परका पदार्थ मोडायला धावते. विपरीत असे की या मोडतोडीतून कधी कधी असा पदार्थ निघतो जो स्वतः डीएनएलाच इजा करतो. धुराने पान उघडले आणि धुरानेच पानावर डाग पाडला. आता सांगा, त्या बाईचा खोकला तिच्या 'डीएनएमध्ये' होता की तिच्या वाट्याला आलेल्या चुलीत?

५

महाराष्ट्रात या प्रश्नाला ज्याने सर्वांत खरे टोक आणले आहे ते उदाहरण विदर्भातले आहे : सिकलसेल. आजार एका अक्षराचा. रक्तातल्या बीटा-ग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात एका जागी 'ए' ऐवजी 'टी' पडतो, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. आई-वडील दोघांकडूनही हे बदललेले अक्षर आले तर आजार होतो, एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो. जनुकीय नियतिवाद्याला याहून सोयीचे उदाहरण मिळणार नाही. एक अक्षर चुकले, जन्म चुकला.

पण त्याच अक्षराचे दोन रुग्ण सारखे आजारी नसतात. भारतात आणि अरबस्तानाच्या पूर्व भागात हे अक्षर ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर येते, तिथे पुष्कळ रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्यापैकी टिकून राहते. ते विळ्याची वाकण रोखते, आणि आजार तुलनेने सौम्य होतो. या टिकण्याशी निगडित असलेला एक फरक गर्भकालीन ग्लोबिनच्या जनुकात नाहीच, तो त्याच्या आरंभाआधी १५८ अक्षरांवर, प्रवर्तकाच्या प्रदेशात आहे. प्रथिनाचा मजकूर तोच, ते वाचणे केव्हा थांबवायचे याचा निर्णय मात्र बदललेला. अर्थात सर्वांचे नशीब इतके चांगले नसते. विदर्भातल्या कित्येक मुलांना हा आजार अगदी लहानपणापासून छळतो. म्हणजे हा एक फरकही सर्व काही ठरवत नाही.

पुढची कथा अधिक अर्थपूर्ण आहे. जन्मानंतर गर्भकालीन ग्लोबिनला गप्प बसवण्यात बीसीएल-११-ए या प्रथिनाचा मोठा वाटा असतो, हे २००८ मध्ये स्पष्ट झाले. त्या प्रथिनाच्या जनुकाचा एक वर्धक असा आहे की तो लाल पेशींच्या वंशातच चालतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही या उपचारात रुग्णाच्या मूळपेशी काढून नेमका हा वर्धक कापला जातो. गप्प बसवणाराच गप्प होतो, आणि दडलेले पान पुन्हा वाचले जाते. सिकलसेलचे ते 'चुकलेले' अक्षर कोणी दुरुस्त करत नाही, ते तसेच राहते. उपचार होतो तो वाचनाच्या आरंभावर. या उपचाराची किंमत लक्षावधी डॉलरच्या घरात आहे, आणि गडचिरोलीच्या मुलापर्यंत तो केव्हा पोहोचेल हा प्रश्न जनुकशास्त्राचा नसून अर्थकारणाचा आहे. हायड्रॉक्सियुरिया हे त्या मानाने अगदी स्वस्त औषधही गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते की नाही, याचा निर्णयही कोणाच्या डीएनएमध्ये लिहिलेला नसतो.

भाषेचा अपराध कसा घडतो हे इथेच दिसते. सिकलसेल विदर्भात आदिवासी आणि दलित समाजांत अधिक आढळतो. 'त्यांच्या रक्तातच आहे' हे वाक्य अशा वेळी रोगनिदान राहत नाही, ते जातनिदान होते. वस्तुस्थिती अशी की हे अक्षर टिकले ते मलेरियामुळे : एकच बदललेली प्रत असलेल्या मुलाला प्राणघातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले. ज्यांच्या पूर्वजांनी मलेरियाच्या प्रदेशात टिकाव धरला त्यांच्या शरीरावरची ही खूण आहे, कुळाचा कलंक नव्हे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट आहे, आणि तपासलेल्यांना त्यांच्या जनुकीय स्थितीची कार्डे दिली जातात. ही कार्डे समुपदेशनासाठी आहेत. त्यांची पत्रिका होणार नाही, वाहक मुलीचे लग्न त्यावरून मोडले जाणार नाही, याची हमी कोण देणार? समाज ते कार्ड कोणत्या भाषेत वाचतो यावर ते अवलंबून आहे, आणि ती भाषा घडवणाऱ्यांत आपणही आहोत.

६

आता दुसऱ्या बाजूचा भोंदूपणा. 'जनुकांवर परिस्थितीचा परिणाम होतो' हे कळताच आपल्याकडे गर्भसंस्काराच्या दुकानांवर नवी पाटी चढली. अमुक श्लोक ऐका, तमुक आहार घ्या, गर्भाची जनुके 'जागृत' होतील! आधार म्हणून कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा २००४ चा प्रयोग सांगतात. उंदराच्या पिलांना आई जितकी चाटते-कुरवाळते तितका त्यांच्या मेंदूतल्या तणावाशी संबंधित एका जनुकाच्या प्रवर्तकावरचा रासायनिक शिक्का बदलतो, असे त्यात आढळले होते. प्रयोग खरा आहे. पण त्यातून श्लोकांचे फळ निघत नाही, आणि उंदीण म्हणजे मराठी गर्भवती नव्हे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या डीएनएवर असेच शिक्के साठ वर्षांनीही वेगळे आढळले. त्याचा अर्थ स्पष्ट आहे : गरोदर बाईला जेवू घाला. शिधा देणे ही राज्याची जबाबदारी होती. ती पुसून 'संस्कार' ही आईची जबाबदारी करणे, म्हणजे नियतिवादाचाच उलटा अंगरखा. आधी म्हणायचे जन्माने ठरते, मग म्हणायचे आईने बिघडवले. दोन्हीकडे समाज सुटतो.

साहित्याच्या वर्गातही याचा एक जुळा आहे. 'संहितेला अर्थ नसतोच, वाचक देईल तो अर्थ' हे वाक्य आपण इतके घोकले आहे की पेशीतल्या वाचनाची ही कथा ऐकून कोणी टाळ्या पिटतील. त्यांनी पिटू नयेत. सिकलसेलचे एक अक्षर मूल मारू शकते. वाचक मनाला येईल तिथे रुमाल सोडत नाही. डीएनएवर खूण असावी लागते, आणि ती ओळखणारे प्रथिन त्या वेळी त्या पेशीत हजर असावे लागते. शिवाय पेशीत कोणी सरदेसाई बसलेले नाहीत. हेतू नाही, अभिरुची नाही. रेणू येतात, धडकतात, काही सेकंद टिकतात, निघून जातात, आणि त्या शक्यतांच्या गर्दीतून क्रम उभा राहतो. दप्तराची उपमा इथे संपते, आणि तिला तिथेच सोडून देणे हा उपमेचा सन्मान आहे. रूपक कुठवर चालते हे सांगता येत नसेल तर ते वापरू नये, एवढी शिस्त तरी साहित्याच्या माणसाकडून अपेक्षित आहे.

७

ही शिस्त मराठी परंपरेला परकी नाही. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी वंशशास्त्राचा आधार झालेले. कवट्यांच्या असमरूपतेवर त्यांनी प्रबंध लिहिला. मोजमापे घेतली, आणि वंशावरून उच्चनीच ठरवणाऱ्या गृहीतकाला त्या मोजमापांत आधार सापडला नाही, हे त्यांनी लपवले नाही. मराठी विभागांत आपण त्यांना 'युगान्त'साठी वाचतो. त्या प्रबंधाचे धैर्य मात्र आपल्या अभ्यासक्रमात कुठे नाही. तिथे आहे तो तेनचा 'वंश, परिस्थिती, काळ' हा १८६० च्या दशकातला त्रिकोण, आणि त्यातला 'वंश' अजूनही प्रश्नचिन्हाविना शिकवला जातो. 'डीएनएमध्येच आहे' म्हणणारा समीक्षक आपण आधुनिक आहोत असे समजतो. तो तेनच्याही मागे गेला आहे, कारण तेनने निदान दुसरे दोन कोन तरी ठेवले होते.

आणि महाड. बिरवाडीहून ते जवळच आहे. तिथे २० मार्च १९२७ रोजी माणसे तळ्याचे पाणी प्याली, त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली. एका पोथीने माणसाचे आयुष्य जन्माआधी लिहून ठेवले आहे, हा दावा त्या ज्वाळांत नाकारला गेला. नऊ वर्षांनी, १९३६ मध्ये, 'जातिप्रथेचे निर्मूलन' या लाहोरच्या न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी त्या दाव्याची वैज्ञानिक आवृत्तीही तपासली. जातिसंस्था म्हणजे सुप्रजननाची योजना, असे म्हणणारे तेव्हाही होते. त्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी बेटसन या आनुवंशशास्त्रज्ञाचा दाखला दिला : उच्च बौद्धिक गुण एखाद्या एकाच आनुवंशिक घटकावर येत नाहीत, अनेक घटकांच्या योगायोगातून ते निपजत असावेत. डीएनएची रचना कळण्याच्या सतरा वर्षे आधी, एका अर्थशास्त्रज्ञाने जनुकशास्त्राचे पुस्तक नीट वाचून त्याचा सामाजिक अर्थ काढला होता. आपल्याकडे आज तीन अब्ज अक्षरांची पोथी उघडी आहे, आणि आपण तिच्या नावाने म्हणी रचतो आहोत.

म्हणून मराठीच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याच्या निबंधात, प्रबंधात किंवा एखाद्या नामवंताच्या प्रस्तावनेतही 'डीएनएमध्येच आहे' हे शब्द आले, की समासात तांबड्या शाईने तीन प्रश्न लिहावेत : कोणत्या पेशीत? कोणत्या वेळी? कोणाच्या सांगण्यावरून? ज्याला ही तीन उत्तरे देता येतील त्याने ते वाक्य खुशाल ठेवावे. ज्याला देता येणार नाहीत त्याने ते खोडावे, आणि आपल्याला 'सवय', 'शिकवण', 'परंपरा', 'हितसंबंध' यांपैकी खरोखर काय म्हणायचे होते ते लिहावे. मराठीत यांतला प्रत्येक शब्द उपलब्ध आहे, आणि प्रत्येकाची जबाबदारी कोणावर तरी टाकता येते.